हिरवी तार, काळी तार : मदरबोर्डविना पॉवर सप्लाय समजून घेताना

कॅबिनेटमधून सोडवलेला कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय टेबलावर ठेवावा, केबल भिंतीवरच्या सॉकेटला लावावी, बटण दाबावे आणि काहीही होऊ नये. पंखा हलत नाही, कसला आवाज नाही, लाल-पिवळ्या तारांवर मल्टिमीटर धरला तर शून्य. इथे बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात : गेला. कॉलेजात असताना मीही असाच एक सप्लाय भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवला होता. तो चांगला होता हे मला दोन वर्षांनी कळले. त्याची चुटपुट अजून आहे, आणि या विषयाकडे मी वळलो तो त्या चुटपुटीपायीच.

तो सप्लाय आज्ञेची वाट पाहत होता. आज्ञा देणारा मदरबोर्ड समोर नव्हता, एवढेच.

विजेचे रूप बदलण्याचे शास्त्र, म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, शिकायला येणाऱ्यांचे स्वागत मी नेहमी याच डब्याने करतो. अभ्यासक्रमातली वाट समीकरणांपासून सुरू होते आणि खरे यंत्र हाती यायला दोन-तीन सत्रे जातात. इथे यंत्र आधीच हाताशी असते. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जुना, चालू स्थितीतला डबा कुठेही सापडतो. दुकानात ‘पॉवर सप्लाय’ मागितलात तर कधी कधी अडॅप्टर पुढे येतो. ‘एसएमपीएस’ म्हटले की बरोबर हाच पत्र्याचा डबा मिळतो. या लेखात मी दोन्ही शब्द वापरणार आहे. ट्रान्सफॉर्मरला महावितरणच्या पत्रकांत ‘रोहित्र’ म्हणतात आणि तो शब्द मला आवडतो. पण सोल्डरिंगच्या टेबलावर तो कोणाच्या तोंडी नाही. तिथल्या माणसांशी बोलता यावे म्हणून मी त्यांचेच शब्द घेतले आहेत.

डबा गप्प का बसतो, याचे उत्तर इतिहासात आहे. १९८१च्या आयबीएम पीसीमधला सप्लाय अवघ्या ६३.५ वॅटचा होता आणि त्याचे बटण डब्यावरच होते. बटण म्हणजे घरातल्या दिव्याचे असते तसेच : २३० व्होल्टची वाट जोडणारे किंवा तोडणारे. पुढच्या एटी पद्धतीच्या कॉम्प्युटरांत ते कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला आले, पण वीज तीच, मेन्सची, जाड केबलमधून पुढपर्यंत खेळवलेली. मदरबोर्डला जाणारे कनेक्टर दोन होते आणि ते शेजारी शेजारी बसत. काळ्या तारांशेजारी काळ्या तारा आल्या पाहिजेत, हा त्या काळच्या दुरुस्तीवाल्यांचा पहिला धडा; उलटे लावले तर मदरबोर्ड जळे. या सगळ्या व्यवस्थेत सप्लायला विचारणारे कोणी नव्हते. वीज आली की तो चालू, गेली की बंद.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक आणले आणि सप्लाय व मदरबोर्ड यांच्यात संभाषण सुरू झाले. कनेक्टर एकच, २० पिनांचा. पुढे २००३च्या सुमारास तो २४ पिनांचा झाला. त्यातल्या बहुतेक तारा वीज वाहून नेतात : पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, निळी उणे १२, आणि परतीच्या सगळ्या काळ्या. तीन तारा मात्र वेगळ्या आहेत. जांभळी, हिरवी आणि करडी. मला या विषयाची गोडी लागली ती या तिघींमुळे.

जांभळ्या तारेवर भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत ५ व्होल्ट असतातच, कॉम्प्युटर ‘बंद’ असला तरी. डब्याच्या आत एक लहानसा स्वतंत्र सप्लाय कायम जागा असतो, त्याचे हे काम. याच विजेवर मदरबोर्डचा एक कोपरा जागा राहतो आणि पुढचे बटण दाबल्याचे त्याला कळते. मग तो हिरवी तार शून्यावर ओढतो. ती आतून एका रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढून धरलेली असते. ती खाली आली की मोठा सप्लाय चालू होतो, सोडली की बंद. करड्या तारेवरून सप्लाय उलट निरोप पाठवतो, त्याच्याकडे पुढे येतोच.

म्हणजे मदरबोर्ड नसताना सप्लाय चालू करायला काय लागते? हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडायची. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी १६व्या जागी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळ्याच असतात. ऑफिसातली कागदाची क्लिप वाकवून दोन छिद्रांत बसवतात ती याचसाठी. जाड क्लिप वीज ओढेल, तापेल, अशी नवख्याला धास्ती वाटते. मानकाप्रमाणे या जोडणीतून जाणारी धारा १.६ मिलिअँपिअरच्या वर जात नाही; टॉर्चमधली लहानशी एलईडीसुद्धा याच्या कितीतरी पट धारा घेते. क्लिपमधून वीज पुरवली जात नाही, क्लिपमधून फक्त होकार जातो. तरी क्लिप बसवायची ती भिंतीवरचे बटण बंद करूनच, कारण तेच टोक चुकून जांभळ्या किंवा पिवळ्या तारेच्या छिद्रात गेले तर तिथे फक्त निरोपाची वीज नसते.

आता एक सावधगिरी, खास आपल्याकडच्या वाचकांसाठी. आपल्या घरांच्या वायरिंगमध्ये हिरवी तार म्हणजे अर्थ, लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हे कित्येकांच्या हाडीमाशी भिनलेले असते. एसएमपीएसच्या कनेक्टरवर या अर्थांपैकी एकही लागू नाही. तिथे लाल तार ५ व्होल्टची आहे, हिरवी अर्थ नसून हुकमाची आहे आणि काळी न्यूट्रल नाही. वायरिंगची कामे केलेल्या अनुभवी माणसाचा हात इथे जास्त चुकतो, असे मी पाहिले आहे. म्हणून रंगांवर भिस्त न ठेवता पिनेचा क्रमांक मोजावा. काही नव्या सप्लायमध्ये तर सगळ्याच तारा काळ्या असतात आणि रंगांचा आधार मुळातच उरत नाही.

क्लिप लावली, पंखा फिरला, की पुष्कळांचा अभ्यास संपतो. माझ्या मते तिथे तो सुरू होतो. मदरबोर्ड काढून टाकला म्हणजे त्याची कामे नाहीशी होत नाहीत. ती आपल्या अंगावर येतात. हुकूम देणे हे त्यातले सर्वांत सोपे काम. हुकूम टिकवून धरणे हे दुसरे. कॅबिनेटच्या पुढचे बटण क्षणभर दाबायचे असते. ‘चालू आहे’ ही आठवण मदरबोर्ड ठेवतो. सप्लायला स्वतःला तशी आठवण नाही. म्हणून डोअरबेलचे बटण हिरव्या-काळ्यामध्ये लावले तर बोट उचलताच सप्लाय बंद पडतो. तिथे टॉगल स्विचच हवा. त्यानंतर येते ते भार देण्याचे काम, आणि मग वीज स्थिरावेपर्यंत थांबण्याचे.

भाराचा प्रश्न या क्षेत्रातला सर्वांत बोधप्रद प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. सप्लाय रिकामा चालवला की कधी तो क्षणात बंद पडतो, कधी १२ व्होल्टच्या तारेवर भलताच आकडा दिसतो. जुन्या रचनेत एकाच ट्रान्सफॉर्मरवर ५ आणि १२ व्होल्टची वेटोळी असतात, आणि नियंत्रण करणारी चिप दोन्हींचा मिळून एकच हिशेब ठेवते. एकीकडे दाब उतरला तर ती सगळ्यांनाच वर ढकलते. कॉम्प्युटरमध्ये दोन्ही तारांवर भार असतो, म्हणून हे निभते. आपण मात्र पिवळ्या तारेवर मोटर लावतो आणि लाल तार मोकळी सोडतो. मग १२ व्होल्ट खाली बसतात, ५ व्होल्ट वर चढतात आणि चिप दोघांच्या मधे कुठेतरी तडजोड करते. मानकाची मर्यादा दोन्हीकडे ५ टक्के, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. मोकळ्या लाल तारेमुळे या मर्यादा मोडलेल्या मी अनेकदा मोजल्या आहेत.

उपाय साधा आहे. लाल आणि काळ्या तारेमध्ये १० ओहमचा, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावायचा. त्यातून अर्धा अँपिअर जातो आणि अडीच वॅट उष्णता निघते. मर्यादेच्या बरेच आत असूनही तो हाताला चटका देतो, म्हणून तो पत्र्यावर बसवावा, प्लॅस्टिकवर नव्हे. जुना सीडी ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कही भार म्हणून चालते. गाडीचा २१ वॅटचा बल्ब पुष्कळ जण पिवळ्या तारेवर लावतात, आणि तो लावताच सप्लाय बंद पडला की बुचकळ्यात पडतात. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या सुमारे एक दशांश असतो. पहिल्या क्षणी बल्ब शॉर्ट सर्किटसारखा वागतो आणि सप्लायचे संरक्षण जागे होते. असा बंद पडलेला सप्लाय क्लिप काढून पुन्हा लावेपर्यंत, काही वेळा भिंतीवरचे बटण बंद करून थोडा वेळ थांबेपर्यंत, परत उठत नाही. हे बिघडणे नव्हे. नव्या सप्लायमध्ये ५ आणि ३.३ व्होल्ट हे १२ व्होल्टपासूनच वेगळ्या सर्किटने तयार करतात, तिथे भाराचा हट्ट बराच कमी झाला आहे. २०२०पासून तर केवळ १२ व्होल्ट देणारे आणि १० पिनांचे कनेक्टर वापरणारे मानकही आले आहे. त्यात बाकीचे दाब मदरबोर्डने स्वतः तयार करायचे असतात.

करड्या तारेवरचा निरोप असा : वीज स्थिरावली. सप्लाय चालू झाल्यावर सगळे दाब मर्यादेत आले, की आणखी १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून तो ही तार ५ व्होल्टवर नेतो. तोपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला काम सुरू करू देत नाही. मेन्स गेल्यावरही तोच शिस्तीचा क्रम : पूर्ण भारावर निदान १६ मिलिसेकंद सप्लाय आपल्या साठ्यावर तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे जवळजवळ एक आवर्तन पूर्ण गहाळ झाले तरी कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. मदरबोर्ड नसताना करडी तार वाचणारे कोणी उरत नाही. तिच्यावर एक एलईडी आणि एक किलोओहमचा रेझिस्टर लावून ठेवा. पंखा फिरतो आहे आणि ही एलईडी लागत नाही, असा सप्लाय कॉम्प्युटरमध्ये बसवला तर कॉम्प्युटर सुरू होणार नाही. क्लिपची परीक्षा ‘पास’ झालेला सप्लाय चांगलाच असतो, या समजुतीला ही छोटी एलईडी उत्तर आहे. आणि एवढ्यानेही भागत नाही : भाराखाली दाब किती पडतो, १२ व्होल्टवर किती लहरी आहेत (मानक १२० मिलिव्होल्टपर्यंत सूट देते), हे रिकाम्या सप्लायवर मल्टिमीटर धरून कळत नाही. त्याला भार आणि ऑसिलोस्कोप लागतो.

डब्याच्या आत काय चालते हे न उघडताही समजून घेता येते. २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज प्रथम सरळ केली जाते आणि तिच्या शिखरापर्यंत, म्हणजे २३० गुणिले १.४१४, सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत मोठे कॅपेसिटर भरले जातात. मग ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा कापतो आणि एका छोट्या फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढे ढकलतो. सगळी किमया या ‘हजारो वेळा’त आहे. भिंतीवरची वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. त्या गतीला २०० वॅट पेलणारा लोखंडी ट्रान्सफॉर्मर उचलायला दोन्ही हात लागतात. आवर्तने हजारपट केली की तेवढेच काम मुठीत मावणाऱ्या फेराइटने होते. जितक्या वेळा वाटप, तितका प्रत्येक वाटा लहान, आणि लहान वाट्याला लहान भांडे पुरते.

ही कल्पना एका माणसाच्या डोक्यातून एका रात्री निघालेली नाही. १९७७च्या अॅपल टूमध्ये रॉड होल्ट यांनी बसवलेला ३८ वॅटचा स्विचिंग सप्लाय प्रसिद्ध आहे, पण त्याच्या आधीच्या वर्षी, १९७६ला, बॉब मॅमानो यांनी रचलेली एसजी १५२४ ही नियंत्रण करणारी चिप बाजारात आली होती, आणि मोठ्या यंत्रांत व मोजमापाच्या उपकरणांत स्विचिंगचे प्रयोग त्याच्याही आधीपासून होत होते. होल्ट यांचे काम उत्तम होते. तरी सुरुवातीचे श्रेय मी चिप आणि जलद ट्रान्झिस्टर स्वस्त करणाऱ्यांना देतो. पुढे टीएल ४९४ या चिपने तर स्वस्त सप्लायांची एक अख्खी पिढी चालवली. जुना डबा हाती आला तर त्याच चिपचे एखादे भावंड आत असण्याची शक्यता बरीच आहे.

‘न उघडताही’ असे मी म्हटले ते जाणूनबुजून. ते ३२५ व्होल्ट, आणि नव्या रचनांत सुमारे ३८० व्होल्ट, केबल काढल्यावरही कॅपेसिटरमध्ये काही काळ राहू शकतात, आणि ते जीव घेण्याइतके पुरेसे आहेत. या अभ्यासाचा पहिला टप्पा पूर्णपणे कनेक्टरच्या बाजूने, डब्याबाहेर होतो, आणि तो तसाच करावा. जुन्या डब्यांच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल स्विच असतो. तो ११५कडे सरकवून आपल्या सॉकेटला लावला तर आतले सर्किट दाब दुप्पट करते. ३२५च्या जागी ६५० व्होल्टचा धक्का बसून मोठा आवाज होतो आणि सप्लाय खरोखर जातो. मदरबोर्डविना चालवताना डबा हातात फिरतो, बोट लागते. म्हणून आधी तो स्विच बघावा.

आणखी एक अनुभव पुष्कळ घरांतला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर त्यातला दिवा मिणमिणतो. सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन छोटे कॅपेसिटर नेलेले असतात. गोंगाट अर्थमध्ये सोडण्यासाठी. सॉकेटला अर्थच नसेल तर ते दोघे मिळून पत्र्याला मेन्सच्या अर्ध्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर, नेऊन ठेवतात. धारा अत्यल्प असते, पण सूचना स्पष्ट असते : या भिंतीत अर्थिंग नाही. सप्लाय बिघडलेला नसतो, घराचे वायरिंग अपुरे असते.

हाच पत्रा आणि अर्थ आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावा लागतो. एसएमपीएसचा बेंच सप्लाय करण्याची हौस सगळ्यांना असते, मलाही होती, आणि स्वस्तात १२ व्होल्टवर पंधरा-वीस अँपिअर देणारे दुसरे साधन सहजी मिळत नाही. वॉटर कूलिंगचा कॉम्प्युटर जोडणारे तर नळ्यांची गळती तपासायला मदरबोर्डला वीज न देता फक्त पंप याच युक्तीने चालवतात, आणि तो या युक्तीचा अगदी योग्य वापर आहे. पण प्रयोगशाळेतल्या खऱ्या बेंच सप्लायला धारेची मर्यादा ठरवून देता येते. १०० मिलिअँपिअरवर लावला की चुकीच्या जोडणीतही सर्किट वाचते. आपला डबा त्याच चुकीत वीस अँपिअर ओतेल आणि सर्किटवरचे तांबे वितळल्यावर कदाचित बंद होईल. म्हणून प्रत्येक तारेवर बाहेरून फ्यूज घालावा. आणि २४ व्होल्ट मिळवण्यासाठी दोन डबे एकामागे एक जोडू नयेत : दोघांच्याही काळ्या तारा पत्र्याला आणि पत्रे अर्थला जोडलेले असतात, त्यामुळे दुसऱ्याची काळी तार पहिल्याच्या पिवळीला लावताच पहिला अर्थमधून शॉर्ट होतो. पत्र्यापासून काळी तार सोडवून हे जमवणारे आहेत. तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. लिथियम बॅटऱ्या थेट या डब्यावर चार्ज करण्याबद्दलही माझे मत तेच आहे.

या क्षेत्रात येणाऱ्याकडे मल्टिमीटर, एक वही आणि अर्थिंग असलेले सॉकेट, एवढे पुरे. अर्थिंग नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग पहिला प्रयोग क्लिपशिवायच करा : सप्लायला वीज द्या, मल्टिमीटरची काळी पिन काळ्या तारेवर ठेवा, लाल पिनेने जांभळी तार मोजा, मग हिरवी, मग पिवळी, आणि तिन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहा. पिवळीवर शून्य असेल आणि हिरवीवर ३ ते ५ व्होल्टच्या दरम्यान काही असेल, तर सप्लाय तुमच्या हुकमाची वाट पाहतो आहे. जांभळ्या तारेवरचा आकडा ४.७५ ते ५.२५च्या बाहेर असेल, तर क्लिप हातात घेऊ नका.